झाकणावर ठेवलेला हात

उकळत्या कढीत माझा उजवा हात मनगटापर्यंत बुडवून धरला होता. धरणारा दादासाहेब. बडोद्यात नागरवाड्यातल्या ज्या घरी मी आठ महिने स्वयंपाकाला जात होते, त्या घरचा मुलगा. चाळिशीचा, शिकलेला, कपाळाला गंध लावून ऑफिसला जाणारा. "ज्या हाताने बाटवलंस, तो हात शिजवतो तुझा," असं म्हणत होता. मागून त्याची आई माझ्या पाठीत चिमट्याने हाणत होती. तिला सगळे आईसाहेब म्हणतात.

मी गुरासारखी ओरडले. तिसऱ्या मजल्यावरून ते ओरडणं खाली रस्त्यापर्यंत गेलं असणार. कोणी वर आलं नाही.

हात बाहेर आला तेव्हा त्याला कढीपत्त्याचं पान चिकटलं होतं. ते काढायला गेले तर पानाबरोबर कातडी निघाली.

आता माझा गुन्हा सांगते. त्या दिवशी थोरल्या साहेबांचं, म्हणजे आईसाहेबांच्या नवऱ्याचं श्राद्ध होतं. वडे, खीर, दोन भाज्या, कढी, सगळं मी पहाटेपासून एकटीने रांधलं होतं. माझ्या आईची एक सवय होती, तिच्या आईचीही होती. अन्न शिजलं की गॅस बंद करायच्या आधी झाकणावर हात ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि जो कोणी ते खाईल त्याच्यासाठी देवाकडे दोन शब्द मागायचे. आमच्या घरात मीठ घालण्याइतकीच ही साधी गोष्ट. त्याशिवाय ताट वाढायला हात उचलत नाही.

आठ महिने मी हे मनातल्या मनात करत होते. त्या दिवशी तोंडातून निघालं. सकाळी फोटोला हार घालताना आईसाहेब हुंदका दाबत होत्या, तो मी ऐकला होता. मला खरंच वाईट वाटलं. म्हणून झाकणावर हात ठेवून म्हणाले, "प्रभू, या घरातलं माणूस गेलंय. या बाईला धीर दे. येशूच्या नावाने मागते. आमेन."

डोळे उघडले तर बाई दारात.

"आमेन?" त्या म्हणाल्या. "आमेन काय गं मंदा?"

मंदा हे माझं नाव नाही. खरं नाव सांगून मी दोन घरं गमावली होती. बडोद्याच्या मराठी घरांत एक प्रश्न फार गोड आवाजात विचारतात: "पण तुम्ही मूळचे कोण?" आम्ही मूळचे महार. आजोबांनी नगरकडचं गाव सोडलं, बाप्तिस्मा घेतला, रेल्वेत हमाली करत इकडे आले. ओझी वाहून त्यांची पाठ वाकली, पण ती कोणापुढे वाकवली नाही. त्यांच्या नातीने पोटासाठी मंदा व्हायचं ठरवलं. त्याची लाज मला तेव्हाही होती, आजही आहे.

"दादा, इकडे ये!" आईसाहेब किंचाळल्या. "यांच्या पानावर मंतर टाकला हिने! हिने बाटवलं सगळं!"

आणि मग कढी.

एवढ्यावर भागलं नाही. सगळा स्वयंपाक त्यांनी मोरीत ओतला. मला मोरीपाशी गुडघ्यावर बसवलं. दादासाहेबाने मोबाईल समोर धरला.

"बोल. खोटं नाव सांगून घरात शिरले."

बोलले.

"ख्रिस्ती आहेस?"

मी म्हणाले, "नाही."

"मग आमेन कशाला?"

"चुकून आलं तोंडात."

"आईसाहेबांच्या पाया पड."

पडले. भाजलेला हात फरशीला टेकला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. आईसाहेबांनी पाय मागे घेतला, माझा विटाळ नको म्हणून. मग कमरेत लाथ बसली. जिन्याच्या सहा-सात पायऱ्या मी गडगडत गेले. वरून माझ्या चपला आल्या.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं झालं?"

"कढी सांडली."

"आणि पाठीवर हे वळ?"

"पडले."

कोवळी पोर होती ती. कागदावर मात्र तिने जे दिसलं तेच लिहिलं. त्या पोरीचं भलं होवो.

माझा नवरा कोयलीच्या रिफायनरीत ठेकेदाराकडे पाइप रंगवायचं काम करतो. संध्याकाळी आला, हात बघून रडला, आणि रडून झाल्यावर म्हणाला, "मोठी माणसं आहेत. पाण्यात राहून माशाशी वैर नको." वाईट नाही तो. घाबरलेला आहे. घाबरायचं आम्हाला लहानपणीच शिकवतात, प्रार्थनेच्या आधी.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ आमच्या चाळीत पोचला. दादासाहेबाने आपली बहादुरी म्हणून स्वतःच कुठल्या ग्रुपवर टाकला होता. चोर तो चोर, वर शिरजोर. माझी पोरगी नववीत आहे. ती माझ्या शेजारी बसून बघत होती. कढीचं त्यात नव्हतं. मोरी होती, माझे गुडघे होते, आणि माझा आवाज होता. नाही. चुकून आलं तोंडात.

पोरीने मोबाईल पालथा ठेवला.

"मम्मी, तू नाही म्हणालीस."

एवढंच बोलली. आदल्या दिवशी मला मारलं तेव्हा राग आला नव्हता, नुसती भीती होती. आता आला. त्या माणसाने माझा हात जाळलाच, आणि माझ्याच तोंडून माझा देव काढून घेतला. घाबरून मी तो देऊनही टाकला. मी चपला घातल्या आणि एकटीच पोलीस स्टेशनला गेले.

तीन तास बाकावर बसवलं. एक हवालदार येता-जाता सांगत होता, "बेन, समाधान करी लो ने. शुं काम माथाकूट करो छो?" मिटवायला मी आले नव्हते. उठले नाही. शेवटी एका साहेबाने कागद पुढे ओढला. नाव विचारलं, मी खरं सांगितलं. जात विचारली, तीही सांगितली. मग धर्म.

"ख्रिस्ती," मी म्हणाले. मोठ्याने. सगळं स्टेशन माझ्याकडे बघायला लागलं.

साहेबाने पेन खाली ठेवलं. "ख्रिस्ती? तो एट्रोसिटी ना लागे."

अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्याने म्हणे ख्रिस्ती झालेल्या माणसाला ती जात उरत नाही. वा रे कायदा. सरकारला आमची जात सापडत नाही, आईसाहेबांना बरी स्वयंपाकघरात सापडते.

"जे लागतं ते लावा," मी म्हणाले. "हात जाळलाय, ते तरी लागेल ना?" आणि पट्टी सोडायला लागले. साहेबाने तोंड फिरवलं आणि लिहायला घेतलं.

शनिवारी संध्याकाळी आमचे पाळकसाहेब घरी आले. चाळीस-पन्नास मराठी घरांची आमची मंडळी, भाड्याच्या हॉलमध्ये उपासना. याच माणसाने माझं लग्न लावलं, माझ्या आईला मातीही यानेच दिली. मी डाव्या हाताने चहा केला. त्यांनी प्रार्थना केली, चहा घेतला, मग मुद्द्यावर आले.

"त्या दादासाहेबांचा फोन आला होता. तक्रार मागे घेतली नाहीस तर आपल्यावर धर्मांतराची केस करतात म्हणे. हॉलचा मालकही चुळबुळ करतोय. लेकरा, क्षमा कर."

"साहेब, त्याने मागितली का?"

"मागायची वाट न बघता द्यायची असते."

"देईन. तक्रार राहू दे."

"दुसरा गाल पुढे करायला शिकवलंय आपल्याला."

"गाल नाही साहेब, हात आहे. आणि दुसऱ्या हाताने मला पोरीला खाऊ घालायचंय."

त्यांनी कप खाली ठेवला. मग कपाकडे बघत म्हणाले, "उद्या प्रभुभोजन आहे. मनात वैर ठेवून त्या मेजाशी येता येत नाही, तुला ठाऊक आहे. तक्रार मागे घे, मग ये."

आमच्यात ही रीत आहेच. प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीची भाकर घेण्याआधी ज्याच्याशी भांडण असेल त्याच्याशी मिटवायचं. मीही आयुष्यभर मिटवत आले. जावेशी, शेजारणीशी, नळावरच्या बायकांशी. पण मिटवायचं ते नेहमी मार खाणाऱ्यानेच का, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं. एका घराने सांगितलं तुझा हात लागला की अन्न बाटतं. आता माझंच घर सांगत होतं तुझी तक्रार असेपर्यंत तुला भाकर नाही.

नवरा म्हणाला, "साहेब सांगतात ते ऐक."

"नाही," मी म्हणाले. हा शब्द मला येतो, आता चुकीच्या जागी वापरणार नव्हते.

रविवारी मी आणि पोरगी तिसऱ्या रांगेत बसलो. नवरा मागे, दाराजवळ. गाणी झाली, वचन झालं. मंडळीचे वडील, म्हणजे आमच्यातले म्हातारे पंच, भाकरीच्या तुकड्यांची ताटली घेऊन रांगेतून यायला लागले. शेजारणीला दिली. मग ताटली माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली, पोरीपुढे थांबली. पोरीने हात पुढे केला नाही.

मी उठले आणि डाव्या हाताने त्या म्हाताऱ्याचं मनगट धरलं. किती जोरात, ते मला कळलं नाही. ताटली कलंडली, दोन तुकडे खाली पडले. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. म्हातारा हात ओढत होता. मी सोडलं नाही.

"पाळकसाहेब," मी म्हणाले, "व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. त्यात मी खोटं बोलले. मी देवाला नाही म्हटलं. त्या पापासाठी मला थांबवा, मी थांबते. पण मी खरं बोलायला लागल्यावर मला थांबवताय. ज्याने मारलं त्याचा फोन तुम्ही उचलला. माझ्याकडे यायला तुम्हाला त्याची धमकी लागली."

एकही माणूस आमेन म्हणाला नाही. एरवी पाऊस पडला तरी म्हणतात.

मी मनगट सोडलं, खाली पडलेला एक तुकडा उचलला आणि खाल्ला. दुसरा पोरीच्या हातावर ठेवला. म्हाताऱ्याच्या मनगटावर माझी चार बोटं उमटली होती. त्याचं मला वाईट वाटलं, आणि नाहीही वाटलं.

या गोष्टीला आता सात महिने झाले. दारावर दोनदा दगड आले. ठेकेदाराने नवऱ्याला काढलं, दुसरीकडे लागायला दीड महिना गेला. माझी मधली दोन बोटं सरळ होत नाहीत. अर्धी मंडळी मला बघून रस्ता बदलते. हॉल मात्र गेला नाही. धर्मांतराची केसही झाली नाही. नुसत्या धमकीवर आम्ही एकमेकांना विकायला निघालो होतो.

मी दर रविवारी जाते. तिसऱ्या रांगेतच बसते. नको असेन तर उचलून बाहेर टाका म्हणावं, पुढच्या रविवारी परत येईन. ही मंडळी पाळकसाहेबांच्या बापाची नाही, माझ्या आजोबांनीही हमालीच्या पैशातून तिचं भाडं भरलंय.

सोमवारी कोर्टात तारीख आहे. दादासाहेबाचा वकील म्हणणार, बाईच्या हातावर कढी सांडली. मी सांगणार, यांनी बुडवला, मोजून सांगा म्हणालात तर दहा अंक मोजेपर्यंत. परवा वकिलाचा माणूस दारात येऊन गेला. म्हणाला, "ताई, तुम्ही तर ख्रिस्ती. तुमच्यात तर क्षमा करतात."

मी त्याला सांगितलं, करतात. रोज सकाळी मी देवाकडे तेच मागते आणि ती अजून येत नाही, खोटं कशाला बोलू. पण ती आली तरी तक्रार जागची हलणार नाही. दहा वर्षं लागू देत, मी प्रत्येक तारखेला येऊन उभी राहीन. आधी तो आत जाऊ दे. क्षमेचं नंतर बघू.