काकूच्या घरची डबी

आई आणि काकू सख्ख्या जावा. अंगण एकच, समोरासमोर दोन घरं, आणि दोघींची बोलाचाली नऊ वर्षं बंद. काका गेले त्या दिवशी, भरल्या माणसांत, आई बोलून गेली होती, "वेळेवर अलिबागला नेलं असतं तर वाचले असते." आईला ते दुःखानं सुचलं असेल. काकूला ते लागायचं तिथं लागलं. चुकलं असं आई नंतर कधी म्हणाली नाही. मोठ्या जावेनं धाकटीपुढं कसं नमायचं? वडील आधीच गेले होते, काकूचा मुलगा पनवेलला, मी मुंबईत. दोन बायका, दोन घरं, मध्ये बारा पावलांचं अंगण.

निरोप मात्र चालायचे. मी गावी गेले की आई काकूच्या देखत मला म्हणायची, "तिला सांग, नळाला पानी आलंय." काकू हंडा उचलत मला म्हणायची, "मला दिसतंय म्हणून सांग." मी मध्ये उभी राहून दोन्हीकडे मान हलवायची. हसू यायचं मला तेव्हा.

तरी रोज संध्याकाळी साडेसातला काकू आमच्याकडे यायची. टीव्हीवरची मालिका बघायला. तिचा टीव्ही जुना, वरची छत्री पावसात दगा द्यायची, म्हणून सुरुवात झाली आणि मग ती सवयच पडली. बोलावणं नसायचं. आई दार उघडं ठेवायची, खुर्ची ओढून ठेवायची. चहा दोघींचा व्हायचा, पण "घे" असं कुणी म्हणत नसे; कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला जायचा आणि उचलला जायचा. आणि मग दोघी टीव्हीतल्या बायकांशी बोलायच्या. एकदा मी होते. मालिकेतली सासू काहीतरी बोलून फसली होती. आई पडद्याला म्हणाली, "आता कशी बसली बग तोंड पाडून. मनात हाय तर बोल ना एकदाचं." काकू पदरानं चष्मा पुसत पडद्यालाच म्हणाली, "बोलली तर ऐकून घेनार कोनी न्हाय असं थोडंच हाय." मला वाटलं, मालिकेबद्दलच चाललंय. एवढी मी हुशार.

गेल्या पावसाळ्यात काकू अंगणातल्या शेवाळावर घसरली. हाड मोडलं नाही, पण गुडघा सुजून बसला. त्याच सुमारास गावात इंटरनेटची फायबर वायर आली होती. मला लष्करच्या भाकऱ्या भाजायची लहानपणापासून हौस. मुंबईत बसून मी पंधरा दिवस अभ्यास केला: इंटरनेटवरून टीव्हीवर मालिका दाखवायला मागे खोचायची काडी बरी की स्वतंत्र डबी बरी, म्हाताऱ्या बोटांना कुठला रिमोट झेपेल, काकूच्या जुन्या टीव्हीला नवी वायर बसत नाही तर मध्ये काय लावायचं. दोन डब्या घेतल्या. एक आईला, एक काकूला. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरेपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

दोन दिवस खपले. वायफायचं यंत्र आईच्या माजघरात लावलं, पण आमच्या भिंती जांभ्या दगडाच्या, हातभर जाड. रेंज अंगणापर्यंतसुद्धा पोचेना. मग पोफळीवरून केबल ओढून काकूच्या घरात दुसरं छोटं यंत्र बसवलं. शिडीवर मीच चढले. आई खालून शिडी धरून होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मला वाटलं, मी पडेन म्हणून घाबरलीय.

काकूला रिमोट हातात देऊन मी म्हणाले, "आता पावसात यायला नको, काकू. घरबसल्या बघ. साडेसातलाच बघायला हवं असंही नाही, पाहिजे तेव्हा लाव."

"यायला नको व्हय?" ती म्हणाली.

"अजिबात नको."

"बरं," काकू म्हणाली आणि रिमोट देवाच्या फळीवर ठेवून दिला. वर मला घावनं करून वाढली.

मुंबईला आले तरी माझं उंटावरून शेळ्या हाकणं चालूच. फोनवर एक अ‍ॅप होतं, त्यात दोन्ही डब्या दिसायच्या आणि जोडणी असली की पुढे हिरवा ठिपका. दोन्ही ठिपके कायम हिरवे. आई फोनवर दर चार दिवसांनी सहज विचारल्यासारखं विचारायची, "तिकडं चालतो का गो तिचा?" मी हिरवा ठिपका बघून सांगायची, "रोज चालू असतो. तुझ्यापेक्षा जास्त बघते ती." आई म्हणायची, "बरं हाय मंग." ती स्वतः अजून बरोबर साडेसातलाच लावायची. मी चिडवायची, अगं, आता घड्याळाची गुलामी कशाला?

मार्गशीर्षात काकू गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी संपली. आई समोरच्या घरात गेली ती नऊ वर्षांनी, आणि तेही तिला शेवटचं बघायला.

बाराव्याला काकूची सून भांडी आवरत होती. मी म्हणाले, टीव्हीची तरी तिला सोबत झाली. सुनेनं माझ्याकडे विचित्र बघितलं. "कुठली सोबत? एक दिवस लावला नाही त्यांनी. डबी तेवढी खोचून ठेवली होती, तुम्ही बसवलेली म्हणून." मग म्हणाली, "सासूबाई फोनवर म्हणायच्या, मोठ्या जाऊबाईंना मी येणं नको झालं. तोंडावर सांगवेना, म्हणून पोरीच्या हातून डबी पाठवली. संध्याकाळी दार लोटून आत उंबऱ्याशी बसून असायच्या. म्हणायच्या, हाक मारली तर जाईन."

टीव्ही बंद असला तरी डबी जोडलेली असते, ठिपका हिरवाच राहतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तिकेत लिहिलेलं होतं. मी लक्ष दिलं नाही.

आईपासून लपवावं असं वाटलं. पण सून उद्या-परवा कुणाजवळ तरी बोलणारच होती. त्याच संध्याकाळी पडवीत बसून मी आईला सगळं सांगितलं. माझं रडं थांबेना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं काहीतरी बरळत राहिले.

आईला रडू आलं नाही. "तू म्हनायचीस, रोज बगते," ती म्हणाली.

"मला तसं दिसायचं."

"मी म्हटलं, रमली बाय आपल्या घरात. आता तिला माजी काय गरज." ती समोरच्या बंद दाराकडे बघत होती. "दसऱ्याला ठरवलं होतं मी. सोनं घेऊन जाते नि सांगते, चुकलं माजं. पायरीपाशी जाऊन परत आले. म्हटलं, मालिका बगत असंल, कशाला मोडता घाला."

दसऱ्याच्या सकाळीच मी तिला फोनवर सांगितलं होतं, काकूचा टीव्ही चालू आहे.

"म्हंजे माज्यावर राग धरूनच गेली ती," आई म्हणाली. "न्हाय गो?"

मला हो म्हणवेना, आणि नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.