धुरीच्या कपाटातले सहा चिलापी

मंडळी, धरणावरचे आमचे मासे विकले गेले नाहीत, तर फेकावे लागतात. म्हणून नवऱ्याने आणि मी जुन्या लोखंडी कपाटाचा रंग खरवडून, आत जाळ्या बसवून माशांना धुरी द्यायचं कपाट केलं.

आज पहिल्यांदाच त्यात चिलापी मासे ठेवून खाली दिंडोरीहून आणलेल्या द्राक्षाच्या काड्या पेटवल्या. तासाभरात निम्मे चिलापी गळून राखेत पडले. मला रडूच आलं.

गुडघ्यांमुळे मासळीबाजार सोडलेल्या सासूबाई उठून आल्या. कपाटात हात धरून म्हणाल्या, "ही धुरी नाय, तू भाजतेय. जाळ कमी कर."

मग काड्या भिजवून टाकल्या, तसा जाळ बसून नुसता धूर झाला. चार वाजता उरलेले सहा मासे सोनेरी, घट्ट निघाले. सासूबाईंनी तुकडा चाखला.

"उद्या मला बाजारात सोड. धुरीचा मासा काय असतो ते गिऱ्हाईकाला मी सांगते."

तुमच्याकडे कोणी धुरीचा मासा खाल्लाय का?