डॉक्टरांचं अर्धं बोलणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ताईला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सांगता येईल — तरी कुठून सुरू करू?

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दिल्लीत शिकतो, मयूर विहारला खोली घेऊन राहतो. गावाकडे त्याचा अर्थ असा, की बँकेपासून दवाखान्यापर्यंत जे कुणाला कळत नाही ते मला कळतं. कळत नसे तेव्हाही मी मान डोलवायचो. सवयच पडली होती.

ताईच्या मुलीच्या, स्वराच्या, मूत्रपिंडावर गाठ निघाली. कॅन्सरची. पाच वर्षांची पोर. मीच म्हणालो, दिल्लीला आणा. नोएडातल्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या अशा गाठी रोबोटच्या मदतीने काढतात, हे मी वाचलं होतं. फोनवर दाजींना सांगितलं — पोट फाडायचं नाही, नुसती बारीक छिद्रं, डॉक्टर बाजूला बसून यंत्राचे हात चालवतात. दाजींनी फोन स्पीकरवर टाकला होता. "आमच्या मेव्हण्यांच्या राज्यात यंत्रंसुद्धा डॉक्टर झाली बरं का!" पारावरची माणसं हसली. मला किती बरं वाटलं होतं — काय सांगू?

ताई स्वराला घेऊन माझ्याकडे आली. गाठ आकसावी म्हणून आधी औषधं सुरू झाली. मेट्रोत स्वरा विचारायची, "मामा, रोबोट माझा हात धरेल?"

"धरेल की."

मग डॉक्टरांनी बोलावलं. त्यांना मराठी येत नव्हतं, ताईला मराठीशिवाय काही येत नव्हतं. ते इंग्रजीत बोलले, सावकाश, मला समजेल असं. आणि मला सगळं समजलं — हे आधीच सांगतो. गाठ औषधांनी फारशी आकसली नाही, म्हणाले. रोबोटने करून बघता येईल, पण काढताना ती फुटली तर रोग पोटात पसरतो. माझं मत विचाराल तर, ते म्हणाले, मोठा छेद घेऊन काढावी. मुलीच्या आईला नीट समजावून सांगा.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणाले रे?"

"रोबोटने होईल म्हणाले."

"एवढा वेळ बोलले, आणि एवढंच?"

"बाकी सगळी डॉक्टरी भाषा गं."

"तू आहेस म्हणून बरं, बाबा."

मी डॉक्टरांकडे वळून इंग्रजीत म्हणालो, आईला रोबोटच हवाय. त्यांनी विचारलं, नक्की? मी मान डोलवली.

का केलं असं? पोरीच्या पोटावर मोठा व्रण राहील, म्हणून — असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे ते. पारावर पुन्हा फोन करून "रोबोटचं जमत नाही" म्हणायची मला लाज वाटत होती. एवढंच. खरंच एवढंच.

गाठ फुटली. पोट उघडावंच लागलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, आणि तेही ताईला मराठीत मीच सांगितलं. त्यात "नशीब" हा शब्द मी घातला. डॉक्टरांनी तो वापरला नव्हता.

मोठ्या छेदानेही फुटली असती का? कुणास ठाऊक. पण ठरवायचं ताईने होतं, आणि तिला ठरवायचं होतं हेच मी तिला कळू दिलं नाही.

आता रोग फुफ्फुसांत गेला आहे. दुखणं कमी करण्यापलीकडे हातात काही नाही, असं सांगून स्वराला घरी पाठवलं. भेटायला येणाऱ्या बायकांना ताई सांगते, माझ्या भावाने पोरीसाठी काय नाही केलं. मी फोनवर असलो की मलाही ऐकवते.

परवा तिने फोन स्वराच्या कानाला लावला. आवाज फार बारीक झालाय तिचा.

"मामा, मी तेव्हा झोपले होते. रोबोटने माझा हात धरला होता ना?"

मी "हो" म्हणालो.