परत सांग, काय ऐकलंस

पहिल्याच भेटीत तात्यांनी मला चहा आणायला पाठवलं. "दोन चहा, एक बिनसाखरेचा, आणि जेटीजवळच्या टपरीवरून. काय सांगितलं?"

"दोन चहा," मी म्हटलं.

"बस खाली. परत ऐक."

पुण्यात सात वर्षं सॉफ्टवेअर लिहून रत्नागिरीला परतलेला मी, तिसऱ्या खेपेला सगळं घडाघडा म्हणून दाखवलं तेव्हा सुटलो.

तात्या मूळचे केळशीचे. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते. निवृत्तीनंतर आमच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत वायरलेस सेटपाशी बसत. हवामानाचा इशारा आला की एकेका होडीला हाक मारायची, निरोप सांगायचा आणि तांडेलाकडून, म्हणजे होडीच्या म्होरक्याकडून, तो जसाच्या तसा वदवून घ्यायचा. तास जाई. तांडेल वैतागत.

"ऐकलं ओ, तात्या!"

"ऐकलंस ते तुझ्या कानाला माहीत. मला कसं कळणार? बोल."

हा तास वाचवायला सोसायटीने मला बोलावलं होतं. मी एक वेबपान केलं. चौकटीत निरोप लिहा, बटण दाबा, की बेचाळीस तांडेलांच्या मोबाइलवर एका दमात मेसेज. "पोचला कसं कळणार?" तात्यांनी विचारलं. मी पडद्यावरची हिरवी ओळ दाखवली : 'पाठवले ४२.'

"हे गेल्याचं झालं," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसू आठवलं की अजून कानशिलं तापतात.

नवरात्रातली सकाळ होती. साडेदहाला इशारा आला : दुपारी एकनंतर वादळी वारे. होड्या किनाऱ्यापासून दोन तासांवर. मराठी मेसेजमध्ये अक्षरं मोजून मिळतात, म्हणून मी हुशारी केली. 'आणि' लिहिण्याऐवजी इंग्रजीतली ती गाठ मारल्यासारखी खूण टाकली : 'दुपारपर्यंत समुद्र शांत & नंतर वादळ, लगेच परत या.' बटण दाबलं. हिरवी ओळ आली. मी खुर्ची मागे रेलवली.

तात्यांनी सेट उचलला. "सलीम, मेसेज आला? वाच."

"आला. दुपारपर्यंत समुद्र शांत."

"पुढे?"

"पुढे काय नाय. जाळं टाकतोय."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती वही ओढली आणि होड्यांची नावं वरून खाली घ्यायला सुरुवात केली. "वादळ येतंय. जाळं सोड, परत फीर. काय सांगितलं?" घाई असतानाही एकाला सूट नाही. मी शेजारी बसून फोन लावत होतो. निम्मे लागत नव्हते. घाम पुसायचंही सुचेना.

पावणेबारापर्यंत वहीत एकेचाळीस नावांपुढे खुणा झाल्या. राहिला गण्या, तात्यांचा पुतण्या. होडीवर तो धरून पाच माणसं.

"सेट बंद ठेवलान वाटतं," तात्या पुटपुटले. मग सलीमला हाक. "गण्या दिसतो काय?"

"दिसतो. लांब, ठिपक्याएवढा."

"त्याच्याकडे जायला पाहिजे. तुला उलटं जावं लागेल. जातोस?"

"जातो."

"काय सांगितलं?"

"गण्याला गाठतो, त्याला घेऊन येतो, तात्या."

आता वाट पाहण्याशिवाय काही उरलं नव्हतं. बसवेना म्हणून मी पान उघडून चूक शोधली. ती समोरच होती. माझं पान निरोप एका लांबलचक लिंकमध्ये घालून पुढे धाडत होतं, आणि लिंकमध्ये त्या खुणेचा अर्थ 'इथे एक गोष्ट संपली, आता दुसरी.' यंत्राने निरोप तिथेच तोडला होता. खूण निरोपातलीच असेल तर ती सांकेतिक रूपात, %26 अशी लिहून पाठवायची असते. हे मी पुण्यात नव्या मुलांना शिकवायचो.

दीड वाजता पत्रे वाजू लागले. अडीचला लाटा जेटीवर चढत असताना दोन होड्या एकापाठोपाठ आत आल्या. गण्याच्या होडीची एक बाजू फुटली होती, पण माणसं पाचही होती. वर येऊन भिजल्या अंगाने तो माझ्यासमोर उभा राहिला.

"काय बावा, समुद्र शांत काय?"

बोलले ते तात्या. "त्याला काय बोलतोस? सेट कोणी बंद ठेवला होता?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना चूक समजावली. ते म्हणाले, "आमच्याकडे 'ओव्हर' म्हटलं की माझं बोलणं संपलं, आता तू बोल. निरोपातच तो शब्द आला तर? मग आम्ही तो एकेक अक्षर सुटं करून सांगायचो. तुझं ते टक्के-सव्वीस तेच." मग म्हणाले, "खूण दुरुस्त करशील रे. पण उद्या दुसरं काहीतरी मोडेल. तुझ्या पानाला 'काय सांगितलं' विचारायला शिकव."

शिकवलं. आता निरोपातला शेवटचा शब्द तांडेलाने उलट पाठवला तरच त्याचं नाव हिरवं होतं. तोवर लाल.

गेल्या वर्षी तात्या गेले. आदल्या आठवड्यात भेटायला गेलो तर आवाज अगदी बसला होता. "सेटवर कापड घालत जा. खारं वारं लागतं. काय सांगितलं?"

"सेट कपाटात ठेवायचा."

त्यांनी पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. मी पुन्हा चुकलो. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे नीट पाहिलं.

"मेल्या, मुद्दाम करतोस."

मग मात्र मी बरोबर सांगितलं.