फाटकावरचे बन्सीशेठ

पाचोऱ्याच्या बन्सीशेठांचं रंगाचं दुकान आहे आणि रविवारी ते बंद असतं. रविवारी शेठ पीजेच्या सेवेत. पाचोरा-जामनेरची ही छोटी गाडी थांबली तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते. हात काळे करायला मात्र चार-पाचजणच पुढे आले. त्यांनी मंडळ काढून एक इंजिन, एक डबा आणि रुळांचा एक पडीक तुकडा जपला. डब्याला रंग शेठांच्या दुकानातला, आणि लावलाही शेठांनीच. तेव्हा गाडी लोकांसमोर पहिल्यांदा धावेल ती आपल्याच हातून, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मग दोंडाईच्याहून बदली होऊन बँकेतला नीलेश आला, मंडळात शिरला आणि बघता बघता सगळ्यांचा लाडका झाला. शेठांच्या पोटात दुखायला लागलं. पोरगा हसला तरी त्यांना ते सोंग वाटे. ते सोंग नाही हे कळलं, की आणखीच राग येई.

"गाडी नीलेश चालाडी," पहिल्या फेरीचा रविवार ठरला तेव्हा मंडळाचे पुनाभाऊ म्हणाले. "फाटक तुमनाकडे शे, शेठ."

मंडळाने छोट्या गाड्यांची जुनी रीत ठेवली होती. फाटकावर वेगळा माणूस नाही. गाडीने थांबायचं, गाडीतल्याच एकाने उतरून फाटक लावायचं, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबली की फाटक उघडून त्याने परत चढायचं.

त्या रविवारी ही गर्दी. शेठांनी फाटक लावलं, गाडी पुढे जाऊन थांबली. शेठांनी फाटक उघडलं आणि तिथेच उभे राहिले. आपल्याशिवाय गाडी हलायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कळू दे सगळ्यांना, म्हणून ते खांबाला टेकले.

शेवटी नीलेश इंजिनातून उतरून चालत आला. "काका, माझंच चुकलं. परतीला इंजिन तुम्ही घ्या. फाटक मी बघतो."

टाळ्या पडल्या. नीलेशला.

शेठ इंजिनात चढले. हवी होती ती जागा मिळाली, आणि गाडी त्यांनी झकास चालवलीही. पण फाटकाशी येऊन थांबवली आणि नीलेश उतरला, तर सगळी गर्दी त्याच्याभोवती. पोरंबाळं त्याच्यासोबत फाटक ढकलत होती, बायका फोटो काढत होत्या. इंजिनाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. शेठांचा जळफळाट झाला.

संध्याकाळी पुनाभाऊंनी विचारलं, यापुढे इंजिन शेठांकडेच ठेवायचं का.

"नको," शेठ तुटकपणे म्हणाले. "फाटक माझं आहे. ते मी कुणाला देणार नाही."