पलीकडून नट धरणारा माणूस

ड्रिलमधून लाल भुकटी येता येता पांढरी यायला लागली, तेव्हा मी मशीन बंद केलं. लाल म्हणजे वीट, पांढरी म्हणजे चुना. लालबागची जुनी चाळ, विटा चुन्यात बसवलेल्या. बिट लोण्यात गेल्यासारखं आत जात होतं. असल्या भिंतीवर टीव्ही लावायचा म्हटलं तरी मी आधी नाहीच म्हणतो. इथे तर माणूस भार टाकणार होता.

माणूस म्हणजे राणेकाका. वय अठ्ठ्याहत्तर, खोलीत एकटे. गेल्या महिन्यात मोरीत घसरून पडले होते. मुलीने पुण्याहून मला फोन केला, मोरीपाशी ग्रॅब बार लावा म्हणून. म्हणजे हाताने धरायचा स्टीलचा दांडा. बाबा परत पडले तर खोली बंद करून त्यांना पुण्याला नेणार, हेही तिने सांगून टाकलं. काकांना चाळ सोडायची नव्हती.

"प्लास्टिकची गुट्टी मार ना," काका म्हणाले. "कॅलेंडर तिच्यावरच आहे, वीस वर्षं."

आता कॅलेंडर कुठे आणि काका कुठे! गुट्टी म्हणजे भोकात ठोकायची नळी. स्क्रू पिळला की फुगते. हलक्या सामानाला ठीक. अँकर फास्टनर लोखंडी, तोही आत फुगतो, पण जोरात. काँक्रीटमध्ये एक नंबर. जुनी वीट मात्र त्या जोराने फुटते. हे शहाणपण मला एका गीझरने शिकवलं, गिऱ्हाइकाच्या शिव्यांसकट.

राहिला आरपार बोल्ट. भिंतीतून पलीकडे काढायचा, तिथे लोखंडी पट्टी लावून नट बसवायचा. मग विटेवर भरवसा ठेवावा लागत नाही. पण पलीकडे नट धरायला माणूस लागतो. आणि पलीकडे दळवींची खोली, कुलूपबंद.

किल्ली कोणाकडे, विचारलं. देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमधून काकांनीच काढली. दळवी जाताना शेजारी ठेवून गेले होते, चाळीत ठेवतात तशी. मुलाने त्यांना बदलापूरला नेलं. आता दळवी फोनवर काकांचा आवाजही ओळखत नाहीत. दोन वर्षांत काकांनी ती खोली एकदाही उघडली नव्हती. मी दळवींच्या मुलाला फोन लावून विचारलं, तो म्हणाला, करा काय ते.

हेल्पर मी ठेवत नाही, बडबड सहन होत नाही. भोकं पाडली, बोल्ट सरकवले, काकांना पलीकडे स्टुलावर बसवून हातात पाना दिला. मी भिंतीवर दोनदा ठोकलं की नट घट्ट धरायचा, एवढंच काम.

इकडे येऊन दोनदा ठोकलं. बोल्ट फिरवला तर गरागरा फिरतोय. म्हणजे पलीकडे कोणी धरलेलंच नाही. परत दोनदा ठोकलं. तेच. वैतागून पलीकडे गेलो. पाना मांडीवर, काका भिंतीकडे तोंड करून बसलेले. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

"काका, ठोकलं ना मी दोनदा?"

"दोनदा म्हणजे चहा झाला," काका म्हणाले. "चाळीस वर्षं मीच ठोकायचो तिकडून. इकडे असं ऐकू यायचं होय त्याला."

मी पाना उचलून परत त्यांच्या हातात दिला. म्हटलं, मग मी तीनदा ठोकतो.

तीनदा ठोकलं. नट बसला. चारही बोल्ट आवळले, मग मी स्वतः सगळा भार टाकून दांड्याला लटकलो. तसूभर हलला नाही. काका म्हणाले, चहा टाकतो. मी म्हटलं, परळला दुसरं काम आहे. काम नव्हतं. घरी वाट बघणारंही कोणी नव्हतं. तरी निघालो, सवयीने.

दीड महिन्याने काकांचा फोन. बार हलतोय, लगेच ये. माझी झोप उडाली. सकाळीच पाने घेऊन धावलो. दांडा जसाच्या तसा, घट्ट. ओट्यावर दोन कप मांडलेले.

मी उगाच बोल्टला पाना लावल्यासारखं केलं आणि बसलो. तेव्हापासून बार महिन्यातून एकदा हलतो. सांगायचं एवढंच, जुन्या विटेला आरपार बोल्टच लावा. आणि गिऱ्हाईक चहा विचारेल तेव्हा पिऊनच निघा.