कंडक्टर काकांचं जहाज

कंडक्टर काकांना राग आला की ते उभे राहत. टीव्ही बंद करीत नसत, आवाज चढवीत नसत, फक्त खुर्ची मागे सरकवून उभे राहत आणि उरलेला भाग उभ्यानेच पाहत. बत्तीस वर्षं एसटीच्या गाडीत उभं राहून काढलेला माणूस. त्यांना बसून रागावता येत नसावं. मी त्यांच्याबरोबर ती परदेशी मालिका जवळजवळ चार वर्षं पाहिली, आणि निम्मी मालिका त्यांनी उभ्यानेच पाहिली असेल.

कामरगावच्या शाळेत मला इंग्रजीची शिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली तेव्हा मी त्यांच्या घरातली पुढची खोली भाड्याने घेतली. काका नुकतेच निवृत्त झाले होते. घरात ते आणि काकू दोघंच. मुलगी पुण्यात नर्स. तिने जुन्या डिस्क विकणाऱ्या कुणाकडून तरी मालिकेचे पाच डबे मिळवून वडिलांना पाठवले होते. मालिका जुनी, अंतराळात एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर माणसं आणि टपाल पोचवणाऱ्या जहाजाची. ऐन नोकरीत असताना डेपोच्या विश्रांतिगृहातल्या टीव्हीवर ती दर रविवारी लागायची. पण भाग अर्धा झाला की काकांच्या गाडीची वेळ व्हायची. एकाही भागाचा शेवट त्यांनी पाहिलेला नव्हता. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात. काकांनी डीव्हीडी प्लेअर घेतला.

रविवारी सकाळी विहारात वंदना करून आले, चहा झाला, की बरोबर अकराला ते माझ्या दाराची कडी वाजवीत. मला बोलवायचं कारण साधं होतं. डिस्कवर सगळं इंग्रजीत, आणि काकांचं इंग्रजी तिकिटाच्या पेटीपुरतं. मी शेजारी बसून मराठीत सांगायचं, असं ठरलं. पहिल्याच रविवारी त्यांनी मला पकडलं. कप्तान बराच वेळ काहीतरी बोलला आणि मी एका वाक्यात उरकलं. काकांनी डिस्क थांबवली.

"मॅडम, तो एवढा बोलला अन् तुमी एवढंच सांगून राह्यल्या? बाकीचं कुठी गेलं?"

मी म्हटलं, काका, अर्थ तोच आहे. ते म्हणाले, अर्थ मी काढीन, तुम्ही शब्द सांगा. मला राग आला होता. बी.ए. इंग्रजी मी, आणि कंडक्टर मला भाषांतर शिकवणार! पण पुढच्या रविवारपासून मी शब्दकोश घेऊन बसू लागले, आणि काकांनी दोनशे पानी वह्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. प्रत्येक भाग मी मराठीत लिहून काढावा, म्हणजे ज्याच्याजवळ माझ्यासारखी मॅडम नसेल त्या माणसालाही तो पाहता यावा, ही त्यांची इच्छा. अशा चार वह्या भरल्या.

एका रविवारी आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सहज म्हणून आले. त्या भागात एका ग्रहावरचा राक्षस होता. हिरव्या रबरी अंगाचा, आणि वळला की पाठीवरची चेन स्पष्ट दिसायची. सर हसत सुटले. पुठ्ठ्याचं जहाज, रबराचा राक्षस, आणि तुम्ही हे इतकं मन लावून पाहता, म्हणाले. चेन दाखवून म्हणाले, काका, आत माणूस आहे हो. काका तोवर उभे राहिले होते.

"अंदर माणूस हाये हे तुमाले चेनीवरून समजलं, सर. त्या कप्तानाले चेन न पायताच समजून राह्यलं. म्हणून तर तो बंदूक खाली ठेवा म्हणते."

सर चहा न घेता गेले. मला वाटलं काका खूश असतील, पण ते संध्याकाळपर्यंत धुसफुसत होते. लोक हसले याचं त्यांना काही नव्हतं. लोक पाहण्याआधी हसतात, याची त्यांना चीड होती. "हसाचं असन तं पाहून हसा," हे त्यांचं पालुपद होतं. ते त्यांनी भाजीवाल्यालाही ऐकवलेलं मला ठाऊक आहे.

तिसऱ्या डब्यातल्या एका भागाने मात्र मोठा घोळ केला. जहाज एका ग्रहावर दुरुस्तीसाठी उतरतं. वादळ येतं, कप्तान घाईने जहाज उडवतो आणि जहाजावरचा एक मेकॅनिक खालीच राहतो. भाग तिथेच संपला. काका म्हणाले, पुढच्या भागात घ्यायला येतील. पुढचा भाग लावला. कप्तान आणि मंडळी जेवणाच्या टेबलावर बसून हसत होती. मेकॅनिकचं नावही कुणी काढलं नाही. त्याच्या पुढच्या भागातही नाही. काकांनी प्लेअर बंद केला आणि तीन रविवार माझ्या दाराची कडी वाजली नाही.

चौथ्या रविवारी मीच गेले. काकू परातीत तूर निवडत बसल्या होत्या. त्या हलकेच म्हणाल्या, ते त्या मालिकेवर नाही रागावले, मॅडम. मग काकांनीच सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला ते आसेगावकडच्या गाडीवर होते. वाटेत इंजिन तापलं म्हणून गाडी नाल्याजवळ थांबली. ड्रायव्हरने पाणी घातलं, काकांनी उतारू न मोजताच डबल बेल दिली. पुढच्या गावात पाहतात तर एका सीटवर नुसतं गाठोडं. एक म्हातारी नाल्याकडे उतरली होती. समोरून येणाऱ्या जीपने काका मागे गेले. म्हातारी तिथे नव्हती. आजूबाजूच्या वावरात विचारलं, कुणी पाहिली नव्हती. गाठोड्यात दोन लुगडी आणि फुटाण्यांची पुडी होती. गाठोडं डेपोत जमा केलं; ते न्यायला कधीच कुणी आलं नाही.

"चांगलंच झालं असन तिचं, बसली असन कोन्या बैलगाडीत," काका म्हणाले. "पन मी तिचं नाव इचारलं नवतं, मॅडम. इतकी वर्सं झाली, मी अजून त्या नाल्यावरून गेलो का खाली पायतो. अन् या जहाजातल्या लोकायले त्या मेकॅनिकचं नाव मालूम हाये, तरी दुसऱ्या भागात जेवून राह्यले."

त्यांच्या सांगण्यावरून मी डब्यावर छापलेल्या कंपनीच्या पत्त्यावर इंग्रजीत पत्र धाडलं. मेकॅनिकचं पुढे काय झालं, एवढाच प्रश्न. उत्तर आलं नाही. काकांनी उरलेले दोन डबे पाहिले ते त्याच्यासाठीच. तो आला नाही.

पुढे काकूंची किडनी बिघडली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागणार होतं. मुलीने दोघांना पुण्याला बोलावलं. निघण्याआधी काकांनी पाचही डबे, प्लेअर आणि माझ्या चार वह्या गावच्या वाचनालयाला दिल्या. अट एकच: रविवारी अकरा वाजता जो येईल त्याला एक भाग दाखवायचा. अध्यक्षांनी मान्य केलं. काकांना शाल आणि नारळ दिला, फोटो काढला, तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फोटोत काका हसताहेत.

त्या वर्षी ज्वारी हुरड्यावर आली असताना मी एका विद्यार्थिनीच्या घरी निघाले होते. रस्त्याकडेच्या वावरात काहीतरी लखलखत होतं. पाखरं हाकलायला दोऱ्यांवर डिस्क टांगतात, त्यात नवल नाही. पण जवळच्या डिस्कवर काळ्या पेनाने मराठीत आकडा होता: डबा तीन, भाग सात. अक्षर काकांचं होतं. मी वावरात शिरले. साठाहून अधिक डिस्क मी स्वतः पाहिल्या. शेतकरी भला माणूस. घाबरून म्हणाला, वाचनालयातून फुकट नेल्या, मॅडम, ते फेकूनच देणार होते. पाहिजे तर काढून देतो. ऊन आणि धुळीने त्या पार निकामी झाल्या होत्या. मी त्याला काही बोलले नाही.

जे बोलायचं ते अध्यक्षांना बोलले. ते शांतपणे म्हणाले, आता डीव्हीडी कोण पाहतं, सगळं मोबाईलवर मिळतं. कपाटात जागा हवी होती. मी विचारलं, एक तरी भाग कुणाला दाखवला? प्लेअर जोडलाच नव्हता. माझ्या वह्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होत्या. मी अध्यक्षांना उठवलं, टेबल उचललं आणि चारही वह्या घेऊन बाहेर पडले.

काकांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी शेतकऱ्याची ज्वारी वाचली का ते विचारलं. वाचली म्हटल्यावर बरं झालं म्हणाले. मग विचारलं, फेकण्याआधी कुणी त्यातली एक तरी पाहिली होती का? मी नाही म्हटलं. पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मला माहीत होतं, ते उभे राहिले असणार. पुढच्या आठवड्यात कारंज्याच्या गाडीने, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती एक पार्सल आलं. आत घडी न मोडलेली शाल होती आणि अध्यक्षांसाठी चिठ्ठी: "तुमची वस्तू आमच्याकडे राहिली होती." मी ती अध्यक्षांच्या हातात नेऊन दिली.

दीड वर्षाने पुण्याहून काका गेल्याचा निरोप आला. झोपेत, सकाळी. वाचनालयाने शोकसभा ठेवली. काकूंना प्रवास झेपण्यासारखा नव्हता, त्या आल्या नाहीत. अध्यक्ष बोलले. विज्ञानाची आवड असलेला थोर दाता, असं म्हणाले. डिस्क हा वाचनालयाचा अमोल ठेवा आहे, असंही म्हणाले. आहे! मी उठून विचारलं, तो ठेवा कुठे आहे, दाखवता का? मी नाल्यापासून ज्वारीच्या वावरापर्यंत सगळं पहिल्यापासून सांगितलं. एक वाक्य गाळलं नाही. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं, मी थांबले नाही.

सभा संपल्यावर विज्ञानाचे सर दारापाशी आले. त्यांचेही डोळे ओले होते, नाही असं नाही. हळू आवाजात म्हणाले, झालं ते झालं, जाऊ द्या मॅडम, आता माणूसच राहिला नाही.

मी अजून जाऊ दिलेलं नाही.